कच्चं दळण

गिरणीतल्या वासाची गावात कुजबुज सुरू झाली, तेव्हा पायलीनं एकाच घासात ओळखलं की वास सोयाबीनचा आहे. पण तिला विचारतंय कोण!

पायली म्हणजे गिरणीवाल्याची एकुलती एक पोर. शाळेच्या हजेरीत तिचं नाव वेगळं होतं, पण गावानं त्या घराला मापांचीच नावं देऊन टाकली होती, आणि गावानं ठेवलेलं नाव पुसायचं खोडरबर अजून निघालेलं नाही. बाप पोतं. आई चिमूट, कारण नवऱ्याच्या मागे उभी राहिली की ती दिसतच नसे. आणि पोर बापाच्या वळणावर गेलेली, गोल, गच्च, शिगोशीग भरलेली, म्हणून पायली. "पोत्यातून पायलीच निघायची, चिमटीत मावेल असं काय निघणार?" असं म्हणून बायका डब्यांवर हात टेकून हसत. पायलीही हसायची. न हसून जाते कुठं?

कापण्या उरकल्या होत्या. धान्य घरोघर आलं होतं आणि गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दारापासून रस्त्यापर्यंत डब्यांची रांग, मोटारीची घुरघुर, पट्ट्याची फटफट, आणि सगळ्यावर पिठाचा असा थर की कोळ्यांची जाळीसुद्धा सुतळीसारखी जाड दिसावीत. अशा ऐन हंगामात बाप नरसाळ्यात गहू ओतायला स्टुलावर चढला आणि स्टूल मोडलं.

स्टूल मोडलं त्याचं काही नाही. पण बाप खाली बसला तो बसलाच. दोन्ही पाय पुढे, तोंड उघडं, श्वास शिट्टीसारखा. काका आला, लोहार आला, दोन बगलांत हात घालून "हं, एक साथ!" करत त्यांनी त्याला उठवलं, तसा सदरा वर सरकला आणि पोट सगळ्यांसमोर बाहेर पडलं. पांढरं, ओलं, घामावर पीठ बसून लगदा झालेलं. रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. हसण्यासाठी की दुसऱ्या कशासाठी, ते पायलीला कळलं नाही. तिनं पुढे होऊन सदरा खाली ओढला. तो पुरता खाली येईना.

दवाखान्यातल्या सिस्टरच्या काट्यावर बाप उभा राहिला तर काटा शेवटच्या आकड्याला जाऊन नुसता थरथरत राहिला. सिस्टर म्हणाली, "ह्यात तुम्ही मावत नाही. गिरणीत पोती तोलायचा काटा आहे ना? मी येते तिथं."

आली की खरंच! भर सकाळी, रांग लागलेली असताना. बाप स्वतःच्याच काट्यावर चढला, आणि वजनं ठेवायला कोण, तर काका. काका म्हणजे बापाचा धाकटा भाऊ. काठीसारखा वाळका, गालांत खड्डे. गिरणी दोघांच्या नावावर, पण चालवायचा बाप, आणि काकाचा जीव त्या दाराच्या किल्लीत अडकलेला. तो एकेक वजन असं आपटून ठेवत होता की जणू गावाला ऐकू जावं.

"अजून एक लागतंय," काका म्हणाला. "दादा, श्वास सोडून बघ, कमी भरतं का!"

रांग हसली. बापही हसला. त्या हसण्यानं त्याची हनुवटी, हनुवटीखालची हनुवटी आणि तिच्याखालचं काय असेल ते सगळं हललं. पायलीला शिसारी आली, आणि शिसारी आली म्हणून स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून काकाचा दुप्पट राग आला.

सिस्टर बिचारी सरळ बाई. मोटारीच्या आवाजावर ओरडून सांगत होती, "गुडघे गेले आहेत, साखर वाढायला लागली आहे! असंच चाललं तर हंगाम संपेपर्यंत तुम्ही अंथरुणाला लागाल! रोटीच्या पिठात चौथा हिस्सा सोयाबीनचं पीठ घाला. पोट भरल्यासारखं राहतं, मध्येमध्ये खा खा होत नाही. आणि रोट्या निम्म्यावर आणा, नाहीतर सोयाबीन घालून काय उपयोग! पण सोयाबीन आधी नीट..."

"पिठाचं मला नका सांगू, सिस्टर!" बाप काट्यावरून उतरत म्हणाला. "तुम्ही तुमच्या सुया सांभाळा, दळायचं मी बघतो."

रांगेतली माणसं पुन्हा हसली. ह्या वेळी बापाच्या बाजूनं. सिस्टरचे ओठ हलत राहिले, पण बापानं पाठ फिरवली होती. तिच्या बाजूला उभ्या असलेल्या पायलीला मात्र उरलेलं वाक्य स्वच्छ ऐकू आलं. आधी नीट भाजून घ्या. कच्चं दळू नका.

पायलीनं घरी सांगितलंसुद्धा. "बाबा, भाजून दळायचं म्हणाल्या त्या."

"गहू भाजून दळतेस का तू?"

"गहू नाही, पण..."

"मग? तू शाळेत जा, गणितं कर. माझ्या आयुष्यात मी दळलं नाही असं धान्य नाही." बाप म्हणाला आणि कच्चं सोयाबीन नरसाळ्यात ओतलं.

गव्हाच्या दगडांवर, हं! ज्या दोन दगडी तळ्यांवर अख्ख्या गावाचा गहू दळला जायचा त्यांच्यावरच. सोयाबीन तेलकट. दगड तापले, पीठ भुरभुरण्याऐवजी चिकटत चिकटत आलं, कापडी सोंडेतून गोळ्यागोळ्यानं पडलं. आणि वास! कच्च्या शेंगा, भिजून कुबट झालेलं पोतं आणि दिवसभर न काढलेला सदरा असे तिन्ही मिळून जो होईल तो.

रोटी तव्यावर पडली तेव्हा चिमूटनं नाकाला पदर लावला, पण बोलली नाही. ती कधीच बोलायची नाही. पहिला घास पायलीनं घेतला. आधी हिरवट कडू, मग तेलकट, मग टाळूला चिकटून बसलेलं असं काहीतरी की जिभेनं खरवडलं तरी सुटेना. बाप रोटीकडे बघत होता, जसं कोणी मेलेल्या उंदराकडे बघावं. मग त्यानं डोळे मिटून गिळली.

"औषध आहे," तो म्हणाला. "औषध गोड असतं का कधी?"

आणि मग त्या घरातली पोटं बोलायला लागली. एरवी न बोलणाऱ्या चिमूटचं पोट सगळ्यांत जास्त बोललं. गुडगुड, कळा, ढेकरा, आणि पुढचं जे काय ते. पायली वर्गात मांड्या आवळून बसायची. बाप पट्ट्याच्या फटफटीत आपले आवाज मिसळून टाकायचा आणि वर गंभीर चेहरा करून छताकडे बघायचा, म्हणजे जणू गिरणीचंच काही बिघडलंय. एरवी पायली हसून लोळली असती. पण घरातली हवा अशी झाली होती की हसायला तोंड उघडायचीसुद्धा सोय नव्हती.

आता गिरणीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं. दळण थांबलं तरी मागच्याचं थोडं पीठ दगडांच्या खाचांत आणि सोंडेत राहतंच. ते पुढच्याच्या डब्यात पडतं. त्याला कोणी चोरी म्हणत नाही. मागच्याचं तुला, तुझं पुढच्याला, असं करत सगळ्या गावाच्या रोटीत सगळ्या गावाचं पीठ. गव्हात गहू, कळतंय कुणाला? पण बाप घरचं सोयाबीन दळायचा आणि पाठोपाठ शिंपीणकाकूंचा गहू लावायचा, कारण दगड साफ करायचा तर वरची तळी पहारीनं उचलायला हवी, खाली वाकायला हवं, खाचा खरवडून टाकी लावायला हवी. टाकी लावायची म्हणजे छिन्नीनं दगडाला नव्यानं दात काढायचे. आणि वाकणं बापाच्या हातात राहिलं नव्हतं. पोट आडवं यायचं.

शिंपीणकाकू आधी आल्या. डबा उघडून पुढे धरला. "गिरणीवाले, जरा हुंगा बघू."

बापानं हुंगलं. "काय झालंय? चांगलं पीठ आहे."

"चांगलं? आमच्या घरी ताटावरून उठून थुंकायला गेले सगळे. काखेत धरून आणल्यासारखा वास येतोय."

त्या तसं बोलून गेल्या, सहज. पण शब्द सुटला. रांगेत पुढे उभ्या असलेल्या काकानं तो झेलला. तो काही बोलला नाही, फक्त बापाच्या सदऱ्याकडे बघितलं. काखेपासून कमरेपर्यंत भिजलेला सदरा. मग सोंडेखालच्या पिठाकडे बघितलं. मग नाक मुरडलं. एवढंच. बाकीचं काम गावानं केलं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पायलीच्या कानावर आलं: पोत्याचा घाम पिठात पडतो. पुढच्या ठिकाणी तो घाम नुसता पडत नव्हता, ठिबकत होता. शाळेत पोचेपर्यंत त्याच्या धारा लागल्या होत्या. तिच्या बाकावरची मुलगी डब्यातली रोटी उलटीपालटी करत म्हणाली, "ए पायले, ह्यात तुझे बाबा किती आहेत गं?"

पायलीनं तिची रोटी घेतली, घास तोडला, हुंगला. तोच. कच्चा, हिरवट, तेलकट. सोयाबीन!

ती शाळेतून सुटली ती तडक गिरणीत. रांग तोवर अर्धी झाली होती.

"बाबा, तो तुझा वास नाहीये. सोयाबीनचा आहे. तू कच्चं दळलंस, ते खाचांत बसलंय आणि सगळ्यांच्या पिठात उतरतंय. सांग ना सगळ्यांना!"

बापानं मोटार बंद केली. गिरणी गप्प झाली की माणूस फार मोठ्यानं श्वास घेतोय असं वाटतं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे?"

"गिरणीवाला आहे मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलत का नाहीस? ते तुझा घाम म्हणतात!"

"म्हणू दे. घाम पुसता येतो. पण ह्याला दळता येत नाही, हा गव्हाच्या दगडावर कच्चं तेलबी घालतो, असं एकदा झालं ना, की गिरणीवाला मेला. मग काका किल्ली मागायलासुद्धा येणार नाही. नुसती घेऊन जाईल."

हा माणूस सगळ्या गावात घाणेरडा म्हणवून घ्यायला तयार होता, पण चुकला म्हणवून घ्यायला नाही. तिला ओरडावंसं वाटलं. ओरडून तरी काय म्हणणार होती?

आणि मग तिनं ते बघितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी गिरणीच्या मागच्या खोलीत ती झाडू आणायला गेली, तर रिकाम्या पोत्यांच्या ढिगाऱ्याआड बाप पाय पसरून बसलेला. मांडीवर परात. परातीत सोंडेतून झटकलेलं लोकांचं गव्हाचं पीठ, त्यावर साखर, वर वास दडेल इतकं तूप. तो बोटांनी कालवत होता आणि चाटत होता. बोटं, मग तळहात, मग मनगट. ओठांना पांढरा चिखल लागलेला, डोळे अर्धे मिटलेले. मच्मच् असा आवाज. घरी औषध म्हणून एक रोटी गिळायची, बायकोसमोर उपाशी असल्याचं तोंड करायचं, आणि इथं हे!

पण खरी घाण गोष्ट पुढेच होती. तुपाचा वास नाकात गेला आणि तिच्याही तोंडाला पाणी सुटलं. सोयाबीनच्या रोट्या गिळून गिळून तिची जीभ त्या परातीकडे अशी ओढली गेली की एक पाऊल पुढे पडलंसुद्धा.

बापानं डोळे उघडले. मग त्यानं परात थोडी तिच्याकडे सरकवली.

"ये," तो म्हणाला. "आईला नको सांगूस."

पायली तिथून पळाली. परसात जाऊन ओकली, आणि ओकताना तिला त्याच्या हाताची ती हालचाल दिसत राहिली. परात सरकवणारा हात. प्रेमानंच सरकवली होती, हेच तर वाईट.

आठवडा सरायच्या आत काका आला. एकटा नाही. लोहार, शिंपीणकाकू आणि रिकामे डबे घेतलेली माणसं मागे. बाप उलट्या डब्यावर बसला होता. नवं स्टूल आणलंच नव्हतं.

"दादा," काका फार गोड बोलला, "तुझ्या तब्येतीचीच काळजी वाटते बघ. लोकं नावं ठेवतात, मला ऐकवत नाही. तू आराम कर. किल्ली दे."

किल्ली बापाच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि खिसा पोटावर असा ताणलेला की त्यात बापाचंच बोट शिरेना. तो चाचपत राहिला, घामेजला. शेवटी त्यानं पायलीकडे बघितलं. रोज दार उघडताना तीच ओढून काढून द्यायची. तिनं दोन बोटं खिशात घातली. सदरा ओला होता, खालचं मांस ऊन होतं. किल्ली निघाली. काकानं हात पुढे केला.

पायलीनं किल्ली स्वतःच्या मुठीत धरली आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"अगं ए!" काका मागे सरकला.

"घाबरू नका काका, तुम्हाला नाही. दगडाला आहे."

तिनं नरसाळं काढलं, लाकडी झाकण बाजूला केलं, पहारीचं टोक दोन तळ्यांच्या फटीत घातलं आणि दुसऱ्या टोकावर स्वतःला टाकलं. अख्खी. आयुष्यभर ज्या वजनावरून तिला चिडवलं, ते सगळं तिनं त्या पहारीवर ठेवलं. काकासारखी वाळकी माणसं दोन लटकली असती तरी तो दगड हलला नसता. तिच्याखाली तो करकरला, उचलला गेला आणि लोहारानं घाईघाईनं खाली ओंडका सरकवला.

आणि आतून जे बाहेर आलं! खाचाखाचांत पिवळट, तपकिरी, तेलानं चकाकणारा थर बसला होता. कडेला, जिथं दगड घासत नव्हता, तिथं त्यात किडे झाले होते, बारीक, पांढरे, वळवळणारे. वास असा आला की मागची माणसं दारापर्यंत गेली. शिंपीणकाकूंनी तोंडावर पदर दाबला आणि पदरातूनच म्हणाल्या, "हे आम्ही खाल्लं?"

सगळे पायलीकडे बघायला लागले. तिला बोलता आलं असतं, सगळं तोंडपाठ होतं. पण ती बापाकडे बघत उभी राहिली. त्याला कळलं ती कशाची वाट बघते आहे ते. त्याची हनुवटी हलली. ह्या वेळी हसण्यानं नाही.

"सोयाबीन आहे," बाप म्हणाला. "माझ्या वजनासाठी. सिस्टर भाजून दळा सांगत होती, मी ऐकून घेतलं नाही. कच्चं दळलं. मग वाकता येत नाही म्हणून दगडही काढला नाही. माझी चूक आहे. दळण्यातली."

"म्हणजे इतके दिवस आम्ही तुमचं औषध खातोय?" शिंपीणकाकू म्हणाल्या.

"हो."

"मग आमची वजनं काय झाली असतील, देव जाणे!" त्या म्हणाल्या, पण हसलं कोणीच नाही. त्या स्वतःही नाही. त्यांनी डबा उचलला आणि गेल्या. आणखी दोघंतिघं गेले.

काका अजून हात पुढे करूनच उभा होता. "बरं झालं, कळलं. आता टाकी कोण लावणार? वाकणार कोण?"

"मी," पायली म्हणाली.

"तू? पोरगी?"

"तुम्ही लावा मग," तिनं छिन्नी पुढे धरली. "घ्या. बसा खाली."

काकानं त्या वळवळणाऱ्या थराकडे बघितलं, नाक धरलं आणि हात मागे घेतला. लोहार खोकल्यासारखं काहीतरी हसला.

सगळी दुपार ती खरवडत होती. थर नखांत शिरला, केसांत उडाला, एकदा तर ओठावर. ती थुंकली आणि पुन्हा खाली वाकली. बाप उलट्या डब्यावर बसून सांगत होता, "मधून बाहेर काढ. खोल नको. तिरकी धर छिन्नी, तिरकी." त्याच्या आवाजाचा पोटाशी काही संबंध नव्हता, हे तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. मध्येच तो म्हणाला, "त्या परातीचं..."

"आईला सांगितलंय मी," पायली वर न बघता म्हणाली.

बापानं दगडाकडे बोट केलं. मग म्हणाला, "ती खाच राहिली बघ."

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण कुणी नेत नाही. त्यात दगडाची कच असते. ते गुरांना घालायचं किंवा फेकायचं. चिमूटनं ते फेकू दिलं नाही. तिनं सोयाबीन मंद आचेवर भाजलं, सालं तडकेपर्यंत, घरात खमंग वास भरेपर्यंत. त्या घरात कितीतरी दिवसांनी नाकांनी आपली दारं उघडली. मग घरच्या हातजात्यावर दळलं आणि कच असलेल्या गव्हाच्या पिठात चौथा हिस्सा मिसळलं. निम्म्या रोट्या केल्या. तिघं जेवायला बसली.

चव वाईट नव्हती. चांगलीही नव्हती. पण कच दातांखाली करकर वाजत होती आणि प्रत्येक घासाला पायलीच्या मानेवर काटा येत होता. बापानं आपल्या वाटणीचं संपवलं आणि हात सवयीनं टोपलीकडे गेला. चिमूटनं टोपली उचलून मांडीवर घेतली.

"दगड लागतोय दाताला," बाप अवघडून म्हणाला, हात मागे घेत.

"तुमच्याच गिरणीचा आहे," चिमूट म्हणाली. "चावा."

पायलीनं घास थांबवून आईकडे बघितलं. मग बापाकडे. तो खाली मान घालून, तोंडातला शेवटचा घास सावकाश, करकर करत, चावत होता.